चांदीच्या दागिन्यांच्या रेंडरसाठी ग्राफिक्स कार्ड: वेगापायी वीज, उष्णता आणि पैसा किती मोजावा?

चंदेरी (मंगळवार पेठ, कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे माहेर हुपरीचे, वडील आणि दोन्ही काका चांदीच्या पैंजणांचे कारागीर. गेली सहा वर्षे मी घराच्या वरच्या मजल्यावर बसून संगणकावर पैंजण, जोडवी आणि कंबरपट्टे यांचे नमुने तयार करते आणि ब्लेंडर या त्रिमितीय आज्ञावलीतील सायकल्समधून, म्हणजे प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन चित्र तयार करणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) भागातून, त्यांची चित्रे काढून व्यापाऱ्यांना पाठवते. चित्र पसंत पडले तरच पुढे साचा होतो, त्यामुळे चित्रात चांदीची झळाळी खरी दिसली पाहिजे आणि चित्र वेळेत गेले पाहिजे, या दोन्ही गोष्टी माझ्या पोटापाण्याच्या आहेत.

सध्या माझ्याकडे एनव्हिडियाचे 6 जीबी मेमरीचे जीटीएक्स 1060 हे ग्राफिक्स कार्ड आहे. ते 2016 सालच्या पिढीचे असून 120 वॅट घेते. त्याच्यासाठी नव्या ड्रायव्हरची नेहमीची आवृत्ती ऑक्टोबर 2025 नंतर येणे थांबले, आता केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतात. कार्ड बदलायचे हे ठरले आहे, मात्र कोणते घ्यावे यावर महिनाभर विचार करूनही निर्णय होत नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला सेकंडहँड आरटीएक्स 3080, 10 जीबी, 320 वॅट. दुसरा नवे आरटीएक्स 4060, 8 जीबी, 115 वॅट. तिसरा नवे आरटीएक्स 5060 टीआय, 16 जीबी, 180 वॅट. पहिली दोन मला जवळपास एकाच किमतीला मिळत आहेत आणि तिसऱ्याला त्याच्या दीडपटीहून थोडे जास्त पडतात. निव्वळ वेगाचे आकडे पाहिले तर 3080 सर्वांत पुढे दिसते आणि त्याच किमतीत मिळत असेल तर दुसरे काही का घ्यावे, असे कोणालाही वाटेल.

अडचण माझ्या खोलीची आहे. खोली दहा बाय बारा फुटांची, वर थेट स्लॅब, पश्चिमेला खिडकी. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते आणि आताचे 120 वॅटचे कार्डसुद्धा तासाभराच्या रेंडरनंतर पंख्याचा आवाज वाढवते. एसी नाही आणि लगेच बसवण्याचा विचारही नाही. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस 550 वॅटचा आहे आणि वळवाच्या पावसात वीज जाते-येते म्हणून 600 व्हीएचा यूपीएस लावलेला आहे. अशा परिस्थितीत वेगाला किती महत्त्व द्यावे आणि बाकीच्या गोष्टींना किती, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वीजजोडणी (कसबा बावडा)

ताई, आपण प्रश्न योग्य ठिकाणाहून सुरू केला आहे, कारण बहुतेक लोक आधी वेगाचा आलेख पाहतात आणि खोली नंतर आठवतात. मी तंत्रनिकेतनात विद्युत विषय शिकवत होतो, त्यामुळे उष्णतेची बाजू थोडी सविस्तर मांडतो.

कार्ड जितके वॅट घेते तितकी सगळी वीज शेवटी उष्णता होऊन आपल्या खोलीतच राहते. कार्डावरचे पंखे आणि तांब्याच्या नळ्या ती उष्णता चिपवरून उचलून हवेत सोडतात, ती नाहीशी करत नाहीत. त्यामुळे ‘तीन पंख्यांचे कार्ड आहे, थंड राहते’ हे वाक्य चिपपुरते खरे असले तरी खोलीला त्याचा काहीच उपयोग नाही. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. 115 वॅटचे कार्ड म्हणजे खोलीत आणखी एक माणूस येऊन बसला असे समजा, तर 320 वॅटचे कार्ड म्हणजे तीन माणसे, आणि तीही दार लावलेल्या खोलीत, उन्हाने तापलेल्या स्लॅबखाली. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की पंखे त्याच वेगाने फिरत असताना चिपचे तापमानही साधारण तितकेच वाढते. 3080 सारखी अनेक कार्डे 83 अंशांच्या आसपास पोहोचली की स्वतःचा वेग हळूहळू उतरवू लागतात. इंटरनेटवर जे वेगाचे आकडे आपण पाहता, ते बहुतेक वातानुकूलित खोलीत, उघड्या टेबलावर घेतलेले असतात. आपल्याला जो वेग विकत मिळणार आहे तो एप्रिलमधल्या दुपारी साडेतीनचा वेग आहे, आणि तोच मोजला पाहिजे.

आता वीज इतकी का लागते ते पाहू. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवली तर 1.1 चा घन, म्हणजे जवळपास 33 टक्के जास्त वीज लागते आणि वेग मात्र फार तर दहाच टक्के वाढतो. हेच उलट केले, म्हणजे दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवली, तर वीज 27 टक्क्यांनी कमी होते. आलेखात शेजाऱ्यापेक्षा चार टक्के वर दिसावे म्हणून उत्पादक कार्ड या चढणीच्या शेवटच्या टोकावर चालवून विकतात आणि त्या चार टक्क्यांची वीज आपण भरतो.

आमच्या घरी पूर्वी गुऱ्हाळ होते. चुलवाणात चिपाडे जास्त घातली की काहिलीतला रस लवकर आटेल असे नवख्याला वाटते, पण ठरावीक जाळानंतर रस फक्त उतू जातो आणि गूळ करपतो. आमचा गुळव्या जाळ वाढवण्याआधी कमी करायला शिकवत असे. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मला ही गोष्ट नेहमी आठवते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की कोणतेही कार्ड घेतले तरी त्याची वीजमर्यादा स्वतः उतरवून पाहा. ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआय या आज्ञेने किंवा आफ्टरबर्नर या आज्ञावलीतील पॉवर लिमिटच्या पट्टीने हे दोन मिनिटांत होते आणि त्यात कार्डाला धोका नाही. माझे 3070 मूळचे 220 वॅटचे आहे. मी ते 160 वर ठेवले तेव्हा सहा मिनिटांचे रेंडर साडेसहा मिनिटांवर गेले. म्हणजे वेळ आठ टक्क्यांनी वाढला आणि त्या चित्रामागची वीज एकवीस टक्क्यांनी घटली. पंख्याचा आवाज तर शेजारच्या खोलीत ऐकू येईनासा झाला, हा फायदा मी आधी गृहीतही धरला नव्हता.

पंचगंगाकाठ (राजारामपुरी)

माझे दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे मी फक्त सेकंडहँड 3080 बद्दल लिहितो.

15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणे काढण्याचे काम (मायनिंग) एका दिवसात संपले. त्यानंतर बाजारात आलेल्या जुन्या 3080 कार्डांपैकी बरीच कार्डे दिवसरात्र चाललेली आहेत. चिपला त्याने फारसे होत नाही, कारण त्या कामात चिप कमी वारंवारतेवर आणि मेमरी मात्र पूर्ण ताणावर चालवत असत. 3080 ची जीडीडीआर6एक्स मेमरी मुळातच फार तापते. मेमरी आणि धातूच्या पट्टीमध्ये जे मऊ थर्मल पॅड असतात ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कोरडे पडतात, त्यांतले तेल पाझरून कार्डाच्या कडेला चिकट रेघ उमटते. कार्ड हातात घेतल्यावर आधी ती रेघ शोधावी. नंतर विक्रेत्यासमोर निदान अर्धा तास रेंडर लावून मेमरीचे आतील तापमान पाहावे. ते 110 अंशांवर गेले तर मेमरी स्वतःला आवरते आणि वेग पडतो. अर्ध्या तासात ते तिथवर पोहोचत असेल तर कार्ड घेऊ नये. पॅड बदलून देणारे आम्ही लोक आहोत, पण तो खर्च किमतीत आधीच धरला पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या धुळीची. गेल्या महिन्यात एका फाउंड्रीच्या कार्यालयातून कार्ड आले होते. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये बोटभर जाडीचा काळा थर होता, अगदी घोंगडीच्या तुकड्यासारखा उचलून निघाला. त्यात वाळूची बारीक भुकटी आणि तेलाची वाफ दोन्ही होती. ते काढून नवी पेस्ट लावल्यावर तापमान एकोणीस अंशांनी उतरले. जास्त वॅटचे कार्ड जास्त हवा खेचते आणि म्हणून जास्त धूळही खेचते, हे खोली गावात असो वा औद्योगिक वसाहतीत, सारखेच लागू पडते.

तिसरी गोष्ट ताईंच्या एसएमपीएसची. 3080 साठी उत्पादकाने 750 वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे, 5060 टीआय साठी 600 चा आणि 4060 साठी 550 चा. 3080 सरासरी 320 वॅट घेत असले तरी काही मिलिसेकंदांसाठी त्याची मागणी त्याच्या कितीतरी वर उसळते आणि कमी क्षमतेचा एसएमपीएस त्या क्षणी संगणक सरळ बंद करतो. ग्राहक मग कार्ड खराब आहे म्हणून आमच्याकडे येतात. यूपीएसचेही तसेच आहे. 600 व्हीएचे बहुतेक घरगुती यूपीएस प्रत्यक्षात 360 वॅटच पेलतात. 3080 आणि बाकीचा संगणक व मॉनिटर मिळून साडेचारशेच्या पुढे जातील, म्हणजे वीज गेली की यूपीएस त्याच क्षणी हात वर करणार. किमतीत नवा एसएमपीएस आणि नवा यूपीएस मिळवा आणि मग स्वस्ताई किती उरते ते पाहा.

रंकाळा_संध्याकाळ

मला वाटते 4060 पुरेसे आहे. आपले आताचे कार्ड 120 वॅट घेते आणि 4060 त्याहूनही पाच वॅट कमी घेते, म्हणजे खोली आजच्यापेक्षा जास्त तापणारच नाही, एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही तसेच चालतील. वेग मात्र कित्येक पटींनी वाढेल, कारण 1060 मध्ये किरणांचा मागोवा घेणारे वेगळे विभाग नाहीतच. ते 2018 च्या आरटीएक्स पिढीपासून आले. किरण कोणत्या त्रिकोणाला कुठे लागतो हे गणित त्या विभागात थेट होत असल्याने त्याच कामाला वीजही कमी लागते. शिवाय 3080 ची चिप सॅमसंगच्या 8 नॅनोमीटर पद्धतीची आणि 4060 ची टीएसएमसी या कंपनीच्या त्यापुढच्या पद्धतीची आहे. वॅटमागे वेग पाहिला तर तिघांमध्ये 3080 सर्वांत मागे पडेल. मोठ्या कार्डाचे आकर्षण मला समजते, परंतु आहे त्या खोलीत आणि आहे त्या वायरिंगवर बसणारे कार्ड हेच माझ्या मते योग्य कार्ड.

चंदेरी

सर्वांचे मनापासून आभार. 3080 चा विचार मी आता सोडला आहे. पंचगंगाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे एसएमपीएस आणि यूपीएसचे भाव काढले तेव्हा 3080 धरून एकूण खर्च 5060 टीआयच्या किमतीच्या अगदी जवळ गेला, आणि तरीही हाती वॉरंटी नसलेले जुनेच कार्ड राहणार होते.

आता प्रश्न 4060 आणि 5060 टीआय यांच्यात उरला आहे आणि तो मुख्यतः मेमरीचा आहे. साधे पैंजण असेल तर दृश्याला अडीच-तीन जीबी लागतात. पण मागच्या आठवड्यात घुंगरांचा भरगच्च कंबरपट्टा केला. त्यात दोनशे चाळीस घुंगरू होते आणि प्रत्येकाच्या पोटातला मणीसुद्धा मी घडवला होता, कारण फटीतून तो दिसतो आणि जाणकार व्यापारी तिकडेच पाहतो. त्या दृश्याने 9 जीबीची मागणी केली आणि रेंडर जवळजवळ थांबल्यासारखे झाले. असे काम महिन्यातून तीन-चार वेळा येते, आणि पैसे त्याच कामाचे जास्त मिळतात.

वीजजोडणी

ताई, कार्डाच्या मेमरीत दृश्य मावले नाही की उरलेला भाग संगणकाच्या मुख्य मेमरीत जातो आणि चिपला तो मदरबोर्डच्या पट्टीतून पुन्हा पुन्हा मागवावा लागतो. 4060 ची स्वतःची मेमरी सेकंदाला 272 जीबी पुरवते आणि 5060 टीआयची 448 जीबी. ही दोन्ही कार्डे मदरबोर्डशी आठ मार्गिकांनीच जोडली जातात, आणि आपला बोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसचा असेल, तर त्या वाटेने सेकंदाला जेमतेम 8 जीबी येतात. दृश्य मावत असेल तर ते एकदाच आत जाते आणि ही अरुंद वाट फारशी जाणवत नाही. मावत नसेल तर मात्र चिप बराच वेळ नुसती वाट पाहत बसते. तेव्हा कागदावरच्या वेगाला काही अर्थ उरत नाही, आणि काम लांबले की त्याच चित्राला वीजही जास्त जाते.

पण मला आधी आपल्या घुंगरांविषयी विचारायचे आहे. ते दोनशे चाळीस घुंगरू शिफ्ट आणि डी दाबून केले आहेत, की ऑल्ट आणि डी दाबून? पहिल्या रीतीत प्रत्येक घुंगरू स्वतंत्र वस्तू म्हणून मेमरीत बसतो. दुसऱ्या रीतीत सगळे मिळून एकच आकार वापरतात आणि फक्त जागा व दिशा वेगळी नोंदली जाते. एक सावधगिरी मात्र घ्या. घुंगरावर सबडिव्हिजनसारखा (आकार गुळगुळीत करणारा) मॉडिफायर तसाच लावलेला असेल तर ऑल्ट-डी करूनही प्रत्येकाचा आकार वेगळा मोजला जातो. आधी मॉडिफायर पक्का करून घ्यावा किंवा घुंगराचे कलेक्शन (गट) करून त्याच्या प्रतिकृती मांडाव्यात. ओळीने प्रती काढणारा ॲरे मॉडिफायरही खरी भूमितीच वाढवतो, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही.

विजेचा हिशेबही मांडतो, कारण त्याबाबत भीती आणि आशा दोन्ही गरजेपेक्षा जास्त असतात. समजा एकच चित्र 3080 वर दहा मिनिटांत, 5060 टीआय वर अकरा मिनिटांत आणि 4060 वर पंधरा मिनिटांत होते. मग एका चित्राला अनुक्रमे 53, 33 आणि 29 वॅट-तास लागतील. दिवसाला तीस चित्रे आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाचे युनिट साधारण 480, 297 आणि 259 होतात. युनिटचा दर हिशेबापुरता बारा रुपये धरला, तर 3080 आणि 5060 टीआय यांच्यात वर्षाला बावीसशे रुपयांचा फरक पडतो, आणि 5060 टीआय व 4060 यांच्यात साडेचारशेचा. आपण बिलावरचा सरासरी दर धरू नका. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून जे युनिट नव्याने वाढणार ते आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात, तोच दर इथे लावावा.

या आकड्यांवरून मला दोन गोष्टी दिसतात. केवळ वीजबिल वाचवण्यासाठी महागडे कार्ड घेतले तर तो पैसा वसूल व्हायला कार्डाचे आयुष्य पुरणार नाही. आणि 180 वॅट हा आकडा 115 पेक्षा मोठा दिसत असला, तरी काम लवकर संपत असल्याने एका चित्रामागे फरक फक्त चार वॅट-तासांचा राहतो. एकूण उष्णता जवळपास तितकीच, फक्त ती दिवसाला साडेसात तासांऐवजी साडेपाच तासांत बाहेर पडते. हा ताण सकाळी अकराच्या आत किंवा सूर्यास्तानंतर उरकता आला तर पश्चिमेच्या खिडकीचा प्रश्न निम्मा सुटेल.

पंचगंगाकाठ

एकच भर घालतो. 180 वॅटचे कार्ड, संगणक आणि मॉनिटर मिळून आपला भार सव्वातीनशेच्या आसपास जाईल. 600 व्हीएच्या यूपीएसवर तो कसाबसा बसेल, पण बॅटरी दोन वर्षांहून जुनी असेल तर काम जतन करण्यापुरतीही उसंत मिळणार नाही. बॅटरी बदलून घ्या. एसएमपीएस चांगल्या बनावटीचा आणि फार जुना नसेल तर एका कार्डाच्या संगणकाला 550 वॅट चालून जातात, फक्त त्याची आठ पिनांची वायर मूळचीच असावी, जोड लावलेली नको.

चंदेरी

चार दिवसांनी लिहीत आहे, क्षमस्व. वीजजोडणी सरांनी विचारलेला प्रश्न वर्मी लागला. घुंगरू शिफ्ट-डी ने केलेले होते आणि प्रत्येकावर सबडिव्हिजन होता. तो पक्का करून, एका घुंगराचे कलेक्शन करून, सगळे दोनशे चाळीस पुन्हा मांडले. 9 जीबीचे दृश्य 3.4 जीबीवर आले आणि ज्या जुन्या 1060 वर ते थांबत होते त्याच कार्डावर रात्रीत पूर्ण झाले. मग सॅम्पल्सची, म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी मोजल्या जाणाऱ्या किरणांची, संख्या अर्धी करून चित्रातले उरलेले ठिपके पुसणारा डिनॉइझर लावून पाहिला. सपाट पट्टीवर फरक दिसला नाही, पण घुंगरांच्या फटीतल्या मण्यावर झळाळी पुसट झाली, म्हणून तेवढ्या भागाचे रेंडर पूर्वीच्याच संख्येवर वेगळे काढले. एवढे केल्यावर माझे सगळे नेहमीचे काम 8 जीबीत बसते.

तरीही मी 5060 टीआय, 16 जीबी घेण्याचे ठरवले आहे. पुढच्या हंगामात एका व्यापाऱ्याला पूर्ण दुकानाच्या काचेच्या कपाटाचे दृश्य हवे आहे, त्यात चाळीस वेगवेगळे नमुने एकत्र दिसणार आहेत आणि तिथे प्रतिकृतींचा उपाय पुरणार नाही. कार्ड आल्यावर पहिल्याच दिवशी त्याची वीजमर्यादा जितकी खाली जाते तितकी उतरवून, दुपारी साडेतीन वाजता दार लावून कंबरपट्टा रेंडर करणार आहे, आणि खोलीत पारा किती चढला तेही मोजणार आहे. उद्या राजारामपुरीत जाताना फूटपट्टी बरोबर नेते आहे, कारण माझ्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत 27 सेंटिमीटरच जागा आहे आणि तीन पंख्यांची बरीच कार्डे त्याहून लांब असतात. दोन पंख्यांचे मिळाले तर तेच घेईन.